मध्यावरचा ठोका

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त असतात. मी निवृत्त नाही. माझं वय अजून मोर्चात पुढे राहून घोषणा द्यायचं आहे, आणि मी देतेही. पण सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात मी काम शिकले, तिथे ते काम आता तसं होत नाही. माणसं पांगली, शेड तेवढी आहे. मोहदरीचा घाट चढून सिन्नरकडे जाणारी बस दिसली की अजूनही माझे पाय तिच्याकडे वळतात. म्हणून हे आत्ताच लिहिते.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं. लग्नकार्यात कोणी विचारलं आणि मी "वेल्डिंगमधला ताण मोजायचे" म्हटलं की समोरचा माणूस पंगतीत जागा झाली का ते बघायला लागतो.

दोन लोखंडी प्लेटा जोडायच्या म्हणजे त्यांच्या मधल्या फटीत वितळलेलं लोखंड भरायचं. ते निवताना आक्रसतं. प्लेट पातळ असेल तर ती त्याच्याबरोबर वाकते आणि मोकळी होते. पण आम्ही काम करायचो ती प्लेट चार बोटं जाड आणि जास्त ताकदीच्या पोलादाची. ती वाकत नाही. सांधा आक्रसू बघतो, प्लेट त्याला धरून ठेवते, आणि सगळं थंड झाल्यावरही ही ओढाताण आत तशीच राहते. वर वजन नाही, कोणी ओढत नाही, जॉब, म्हणजे जोडलेली वस्तू, यार्डात नुसता पडून आहे, तरी आत खेच आहे. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. आमच्या शेडमध्ये सगळे ‘खेच’च म्हणायचे.

इथपर्यंत ऐकलं की चळवळीतल्या माझ्या मित्रांचे डोळे चमकतात. "समाजाचंही अगदी असंच..." असं कोणीतरी सुरू करतं. मी हात जोडते. बाबांनो, लोखंडाला लोखंड राहू द्या. ते तडकतं तेव्हा त्याच्याखाली खरी माणसं असतात.

तडकतं म्हणजे कसं, तेही सांगते. एका हिवाळ्यात रविवारी कारखाना बंद असताना वॉचमनचा फोन आला, "मॅडम, आत बंदूक उडाल्यागत आवाज झाला. मी शिट्टी वाजवत सगळीकडं फिरलो, कोनी नाय." सोमवारी जाऊन पाहिलं. शनिवारी वेल्डिंग झालेल्या, कोणी हातही न लावलेल्या एका तुळईला हातभर लांब चीर गेली होती. गुन्हेगार आतच होता. वेल्डिंगनंतर जाड जॉब दोन दिवस नुसता ठेवायचा आणि मगच तपासायचा, हा नियम त्यासाठीच असतो. पोलाद लगेच बोलत नाही.

आणि एक गिऱ्हाईक आठवतं. दोन्ही हातांत खड्यांच्या अंगठ्या, बोलणं गोड. म्हणाले, "मॅडम, आमच्या तुळयांना शून्य खेच असल्याचा दाखला द्या."

"मग वेल्डिंग करू नका," मी म्हटलं.

"अहो, मग त्या जोडायच्या कशा?"

"खेच ठेवूनच. फक्त ती किती आणि कुठे आहे हे माहीत असलं पाहिजे."

ते उठून साहेबांकडे गेले आणि माझ्याबद्दल तक्रार केली की या बाई नकारात्मक बोलतात.

माझं हे बोलणं घरातून आलेलं. नाशिक रोडच्या आमच्या वसाहतीत बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि घरी आल्यावर पत्रकं लिहायचे. संघटनेची, विहारातल्या कार्यक्रमांची, पाणी आलं नाही तर पाण्याचीसुद्धा. उरलेल्या पत्रकांची आमच्या वह्यांना कव्हरं असत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवर. त्यामुळे कारखान्यात पाय ठेवला तेव्हा माझी बाजू आधीच ठरलेली होती. तिथल्या कामगार बंधूंनीच मला पहिल्यांदा विरोध केला, ही गोष्ट वेगळी.

ते सांगायचं तर आधी वामनदादा आणि सोमादादा यांची ओळख करून द्यायला हवी.

वामनदादा नामपूरचा. बुटका, बोलका, जेवणाच्या डब्यात कच्चा कांदा नसेल तर दिवसभर कुरकुरणारा. सोमादादा पेठच्या डोंगरातला, उंच आणि शांत. हसला तर खांद्यांनी हसायचा, आवाज नाही. दोघे एकाच ठेकेदाराकडून आले होते आणि गेटवर योगायोगाने शेजारी उभे होते म्हणून त्यांची जोडी लागली, असं वामनदादा सांगायचा. "मी मागं वळलो आस्तो तर आज वेगळ्याच मानसाच्या गळ्यात पडलो आस्तो."

जोडीची गरज काय? आमच्याकडे एका मोठ्या पुलाच्या कमानीचे पाय बनत होते. चार जाड प्लेटांची पेटीच म्हणा, माणसापेक्षा कितीतरी लांब, आडवी ठेवून वेल्डिंग करायची. एका बाजूचा सांधा आधी भरला तर तो आक्रसतो आणि अख्खा पाय त्या बाजूला वाकतो. म्हणून दोन्ही बाजूंना दोन वेल्डर बसतात आणि एकाच वेळी, एकाच चालीने भरत जातात. सुरुवात मध्यावर. मध्यापासून एका टोकाकडे, मग परत मध्यावर येऊन दुसऱ्या टोकाकडे. असा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जाड सांधा भरायला असे पुष्कळ थर लागतात, आणि तोवर प्लेट गरम राहिली पाहिजे, नाहीतर खेच वाढते. म्हणून खाली गॅसच्या बर्नरची रांग आणि वर उष्णता धरून ठेवणारी जाड चादर, जिला सगळे गोधडी म्हणायचे. जिथे वेल्डिंग करायचं तेवढीच गोधडी उचलायची, काम झालं की लगेच पांघरायची.

दोघांच्या मध्ये पोलादाची पेटी. एकमेकांचं तोंड दिसत नाही, शेडच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही. म्हणून वामनदादा मध्यावर गोधडी उचलली की हातोडीचा एक ठोका प्लेटवर द्यायचा. पलीकडून सोमादादाचा एक ठोका यायचा. मग दोघे काच डोळ्यांवर घ्यायचे आणि एकाच क्षणी दोन्हीकडे निळा उजेड पडायचा. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं. मी माझी मोजणी करत शेडच्या दुसऱ्या टोकाला असले तरी तो ठोका आणि त्याचं उत्तर मला ऐकू यायचं. पहिल्या पहिल्यांदा मला ते घड्याळासारखं वाटे, नंतर तर मी ते ऐकल्याशिवाय चहाला उठेनाशी झाले.

आता विरोधाची गोष्ट. खेच वरवर मोजायची तर प्लेटवर कागदासारखी पातळ पट्टी चिकटवून शेजारी बारीक भोक पाडतात. भोक पडलं की आजूबाजूचं लोखंड किंचित सैल होतं आणि ती पट्टी ते टिपते. पण जाड प्लेटच्या पोटात काय चाललंय ते त्यातून कळत नाही. त्यासाठी जॉब कापावा लागतो. आडवे तुकडे, तुकड्यांच्या लांब पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर आधी दोन खुणा करून अंतर मोजायचं, कापल्यावर पुन्हा मोजायचं. सुटल्यावर जी पट्टी आखडते ती आत ताणलेली होती, जी लांबते ती दाबलेली होती. कापायचं ते गार पाणी सोडत करवतीने. गॅसने कापलं तर उष्णतेने पुरावाच नाहीसा होतो.

कापण्यासाठी आमच्याकडे एक ‘नमुना’ वेगळा बनवायची पद्धत होती, आणि त्या नमुन्याचा थाट नवरदेवासारखा असायचा. उत्तम वेल्डर, ताजे रॉड, पंखे बंद, घाई नाही, साहेब स्वतः शेजारी उभे. आणि बाकीचे सगळे पाय पाळीच्या घाईत, वाऱ्यावर. नमुना कापायचा, आकडा सुंदर यायचा, सगळे खूश. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. पुलाखालून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यावर नमुना उभा राहणार नाही. नमुना वेगळा करायचाच नाही. एक पाय जास्तीचा बनवा, सगळे सारखे बनवा, आणि शेवटी त्यातला कुठलातरी एक निवडून कापा. गिऱ्हाइकाच्या इंजिनियरला ते पटलं. आमच्या साहेबांना पटलं नाही, पण गिऱ्हाइकाला पटलं म्हणून मान्य झालं.

मला वाटलं होतं, शेडमध्ये माझं कौतुक होईल. दुपारी कँटीनमध्ये गेले तर सगळ्यांनी माना डब्यात घातल्या.

शेवटी वामनदादाने तोंड उघडलं. "मॅडमताई, म्हंजे आमी जीव लावून पाय बनवायचा आन् तुमी तो मुळ्यासारखा चिरायचा?"

"सगळे नाही. एकच."

"कोन्ता?"

"ते शेवटी ठरेल."

"म्हंजे सगळ्याच्या मानेवर सुरी." तो इतरांकडे वळला. "आकडा वंगाळ आला तर गेट कोनाला बंद व्हईल? साहेबाला?"

तो खरं बोलत होता. वेल्डर सगळे ठेकेदाराचे. त्यांना काढायला कारणही लागत नसे, आणि मी ते कारण तयार करून देत होते. घरी बाबांना सांगितलं. ते मुद्रित बाजूला ठेवून म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर आहे का?" मी म्हटलं, "हो." "मग त्यांच्यासाठी दुसऱ्या ठिकाणी भांड. हे सोडू नकोस." मी सोडलं नाही. पण त्या दिवसापासून वामनदादा मला मॅडमताईऐवजी नुसतं मॅडम म्हणायला लागला. ते ऐकताना बरं वाटत नसे.

मग आषाढात सोमादादा आवणीला गेला. पेठकडचा माणूस भाताची रोपं लावायला घरी जातोच, ही दरवर्षीची गोष्ट. सोमादादा नसला की वामनदादा दुसऱ्या कोणाबरोबर पायावर बसत नसे, किरकोळ कामं घेऊन वेळ काढे. त्या वर्षी साहेबांनी ऐकलं नाही, दुसरा एक वेल्डर जोडीला दिला. तो पाय वाकला. वामनदादाला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली.

सोमादादा परत आला तेव्हा कँटीनमध्ये सगळे जेवत होते. तो हसत शेजारी बसायला गेला आणि वामनदादा मोठ्याने म्हणाला, "आलास? तुमा लोकान्ला लोखंडापरीस चिखलच बरा. तिथंच ऱ्हायचं ना."

सोमादादा उभाच राहिला. मग डबा घेऊन बाहेर लिंबाखाली जाऊन बसला. पेठच्या आदिवासींना ‘तुम्ही लोक’ म्हणून असं कितीदा ऐकावं लागतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी तिथल्या तिथे वामनदादाला सुनावलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुमी मधी पडू नका."

त्या रात्री मी माणसाच्या प्रतिष्ठेवर दोन पानं लिहून बाबांना दाखवली, कारखान्यात वाटायला. त्यांनी वाचली, एक काना दुरुस्त केला आणि परत दिली. म्हणाले, "चांगलं आहे. पण पत्रक लोकांसाठी असतं. दोन माणसांसाठी नसतं."

काम चालू राहिलं. जोडी तीच, पाय एकामागून एक तयार होत होते, आणि एकही वाकला नाही. फक्त ठोके बंद झाले. सोमादादाने उत्तर देणं थांबवलं असावं, मग वामनदादाने विचारणं. मी शेडच्या टोकाला बसून ऐकायची. गोधडी उचललेली दिसायची आणि पुढे काहीच ऐकू यायचं नाही. मग खूप वेळाने दोन्हीकडे निळा उजेड पडायचा. मला वाटायचं, चला, काम तर होतंय.

निवडीचा दिवस आला. मी म्हटलं, मीही निवडणार नाही आणि साहेबही नाही. शेड झाडणाऱ्या पारूबाई तिथेच होत्या. त्यांना सांगितलं, यातल्या एकावर बोट ठेवा.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तुम्ही."

त्यांनी सगळ्या पायांवरून नजर फिरवली आणि झाडूनेच दाखवलं. "हा. याच्यावर मी डबा ठेवते, सपाट हाय."

सगळे हसले. साहेबांनी दोरी लावून पाहिली आणि तेही खूश झाले. पाय अगदी सुतात होता. "बघा मॅडम, रेघेसारखा सरळ आहे! खेच असती तर वाकला नसता का? कापायचा कशाला?"

इथेच लोक चुकतात. दोन्ही बाजूंची खेच सारखी असेल तर पाय सरळच राहतो, मग ती खेच थोडी असो की भयंकर. सरळ असणं म्हणजे फक्त बरोबरी. मी म्हटलं, कापायचाच.

करवत लावण्याआधी वामनदादा माझ्याकडे आला. कितीतरी दिवसांनी पुन्हा ताई म्हणाला.

"ताई, हा नको. आवणीच्या आधीचा काढा."

"का?"

"आसंच."

"दादा, काय आहे यात?"

तो हातातला मोजा पिळत राहिला. "आमी बोलत नवतो तवाचा हाय हा. माझं जाऊ द्या. मी नामपूरला गेट-जाळ्या करून खाईन. पन सोमा कुठं जाईल? बायकोला आनलंय, पोरीला सिन्नरच्या शाळेत घातलंय. आकडा चुकला तर त्याचं नाव आधी घेतील. तो कदी उलट बोलत नाय, म्हनून त्याचंच घेतील."

माझ्या आयुष्यात मला माझ्या तत्त्वाचा इतका राग कधी आला नव्हता. मी म्हटलं, "दादा, हाच कापावा लागेल. कोणाचं नाव घ्यायची वेळ आली तर मी खोलीत असेन." तो मोजा हातात चढवत गेला.

पाय तीन जागी कापला, दोन्ही टोकांजवळ आणि मध्यावर. पट्ट्या मोजल्या. टोकांच्या पट्ट्या इतक्या चांगल्या होत्या की नमुन्यालाही लाजवतील. मध्यावर मात्र सांध्यालगतच्या पट्ट्या सुटल्याबरोबर आखडल्या आणि वाकल्या. आकडा परवानगीच्या बराच वर. मी पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की दोघांतला कोण? मी वामनदादाच्या बाजूची पट्टी टेबलावर ठेवली, तिच्यासमोर सोमादादाच्या बाजूची ठेवली आणि खुर्चीत बसले.

दोन्ही पट्ट्या सारख्याच वाकल्या होत्या. एक दुसरीचं आरशातलं रूप.

मी दोघांना बोलावलं. ते आले आणि टेबलाच्या दोन टोकांना उभे राहिले, एकमेकांकडे न बघता.

"मध्यावर काय झालं होतं?" मी विचारलं. "ओरडायला बोलावलेलं नाही. लोखंड मध्यावर गार झालं होतं. दर थराला. एकाच बाजूला झालं असतं तर पाय वाकला असता. दोन्हीकडे सारखंच गार झालंय. असं कसं?"

सोमादादाने पुढे होऊन दोन्ही पट्ट्या उचलल्या, एकीवर एक धरल्या, उजेडाकडे नेल्या. मध्ये फटच नव्हती.

"गोधडी उचलून मी थांबायचो," तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला. "वामन ठोका देल म्हून. लय येळ थांबायचो. नाय आला म्हंजे मंग सुरू करायचो."

वामनदादाने मान वर केली. चकित झाला की त्याच्या तोंडून अहिराणी यायची. "तू बी थांबेल व्हता?"

"मंग?"

"मी तुन्ही वाट पाहत व्हतो ना रे!"

भांडणातसुद्धा ही दोन माणसं गोधडी उचलून तितकाच वेळ थांबत होती, तितक्याच वेळाने हार मानत होती आणि एकाच क्षणी रॉड टेकवत होती. मध्ये चार बोटं जाड पोलाद, आणि दोघांपैकी कोणी हातोडी उचलायला तयार नाही. खालचं लोखंड मात्र तेवढ्यात निवायचं. मी इतकी वर्षं खेच मोजली, पण अशी दुसरी कधी पाहिली नाही.

पुढची बैठक वाईट झाली. साहेब म्हणाले, जोडी काढून टाका. मी टोकांच्या पट्ट्या त्यांच्यापुढे ठेवल्या. हे त्याच हातांचं काम आहे, कारखान्यात याहून चांगलं कोणाचं असेल तर दाखवा, म्हटलं. मध्यावर चूक हाताची नाही, सुरुवातीचा संकेत बंद पडला होता. गिऱ्हाइकाचा इंजिनियर संकेत म्हणजे काय विचारायला लागला. मी टेबलावर पेनने ठोका देऊन दाखवला. तो हसला नाही. म्हणाला, "हे कामाच्या पद्धतीत लिहिलेलं का नाही?" म्हणून मी लिहिलं: ‘प्रत्येक थराच्या आरंभी जोडीतील दोघांनी परस्परांना ठोक्याने संकेत द्यावा व उत्तर आल्यावरच सुरुवात करावी.’ लहानपणापासून पत्रकं लिहिणाऱ्या घरात वाढले, पण माझ्या हातून याहून चांगलं वाक्य उतरलेलं नाही.

जोडी राहिली. आवणीनंतरचे सगळे पाय मध्यावर पुन्हा सावकाश तापवून, गोधडीखाली सावकाश निवू द्यायचं ठरलं, म्हणजे खेच उतरते. ते काम दोघांनाच दिलं. दिवसभर शेजारी बसून बर्नरची आच कमी-जास्त करायची, दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी दुपारी वामनदादा कँटीनच्या मधोमध उभा राहिला.

"मी सोमाला चिखलाचं बोललो व्हतो. ते चुकलं. चार लोकांत बोललो, म्हनून चार लोकांत सांगतो."

सोमादादा भाकरी मोडत होता. "लवकर सुचलं तुला," तो म्हणाला. "भात कापायला आला."

त्याचे खांदे हलत होते. मग सगळी कँटीन हसली. वामनदादाने आपल्या डब्यातला कांदा फोडून अर्धा त्याच्या ताटात टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "बसा मॅडमताई, उभ्या का?"

पुढच्या आषाढात वामनदादा स्वतः आवणीला पेठला गेला. म्हणे खाचरात दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही, रोपं लावताना तोंडावर आपटला. सोमादादाची बायको बांधावरून हसत होती आणि सोमादादा म्हणाला, "तुला लोखंडच बरं." ही गोष्ट वामनदादाच सगळ्यांना सांगत फिरायचा.

ते एक-दोन हंगाम मला आठवतात. ठोका, उत्तर, निळा उजेड. मी कामात बुडालेली असायची आणि कान मात्र तिकडे. तेव्हा वाटायचं हे असंच असतं.

नंतर मशीन आलं. मशीनवर माझा राग नाही, त्याने माणसांचे डोळे आणि फुप्फुसं वाचतात. माणसांना ज्या रीतीने एका फोनवर घरी पाठवलं त्यावर राग आहे, आणि तो मी जिथे लिहायचा तिथे लिहिला आहे. सोमादादा समुद्रकाठी एका जहाजाच्या गोदीत गेला. वामनदादा नामपूरला परतला. माझ्यापुढे एके दिवशी वेगळा, नवरदेवासारखा नमुना पुन्हा येऊन उभा राहिला आणि त्यावर सही मागितली गेली. मी केली नाही आणि नोकरी सोडली. आज तशीच वेळ आली तर पुन्हा सोडेन. आता नाशिकमध्येच पंख्याखाली बसून संगणकावर खेचेचं गणित मांडते. पडद्यावर लाल-निळी चित्रं उमटतात, बरोबरही असतात. त्यांना आवाज नसतो.

त्या दोन पट्ट्या माझ्याकडे आहेत. बाबा पत्रकं उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवतात.

सोमादादाला कधीतरी फोन करते. "बरा हाय ताई," म्हणतो. "मशीन चालवतो. मशीन कोनासाठी थांबत नाय." 

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर कामानिमित्त सटाण्याकडे गेले होते, तशीच पुढे नामपूरला गेले. कांदा मार्केटच्या रस्त्यावर वामनदादाचं पत्र्याचं दुकान आहे. कांदाचाळीच्या सांगाड्यांची कामं, गेटं, खिडक्यांच्या जाळ्या. मला बघून इतका आनंदला की रॉड हातात धरूनच चहा सांगायला धावला. चहा झाला, सगळ्यांची चौकशी झाली. मग म्हणाला, "बसा, एवढं गेट पुरं करतो, गिऱ्हाईक येतंय."

पातळ नळ्यांचं गेट. त्याला जोडीदार लागत नाही, गोधडी लागत नाही, त्यात मोजण्यासारखी खेचही नसते. एकट्याचं काम. वामनदादा गेटच्या मध्यावर जाऊन बसला. हातोडी उचलली, नळीवर एक ठोका दिला आणि थांबला.

मी त्याच्याकडे बघतेय हे त्याला कळलं. "सवय शे," तो अहिराणीतच म्हणाला, पण काच लगेच डोळ्यांवर घेतली नाही. हातोडीशेजारी दुसरी एक हातोडी पडली होती. माझा हात तिच्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला. ते उत्तर माझं नव्हतं.

रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर चालले होते. वामनदादा थांबला होता, मीही थांबले. नेहमी थांबायचा तितकाच वेळ तो थांबला. मग त्याने काच खाली केली, आणि उजेड पडायच्या आत मी तोंड फिरवलं.